धारा मोडू नयेत

रविवार, ८ मार्च

चि. छोटे मिस्त्री यांस,

अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही दोघं ठीक. तूही ठीक असशील असं धरून चालतो.

आधी यादी देतो. मी माझ्या हातांनी केलेल्या वस्तू: तुझं अभ्यासाचं टेबल, ज्याचे पाय सरकवून उंची वाढवता येते (तू पहिलीत होतीस तेव्हा केलं, पदवीपर्यंत चाललं, एकदाही डुगडुगलं नाही). मोरीच्या दाराची कडी, एका बोटाने लागणारी. आईच्या शिलाई मशीनचं पायडल. अकराचा पाना, कारण बाजारातला अकराचा पाना अकराचा नसतो, अकरा आणि थोडा असतो. तुझ्या चष्म्याची डावी दांडी, दोन वेळा. भिंतीवरचं घड्याळ नाही, पण त्याच्या आतलं एक चाक. मागच्या खोलीतलं मशीन, वजन अडतीस किलो, जुन्या वॉशिंग मशीनच्या मोटरवर चालणारं. आणि ॲल्युमिनियमच्या चाळीस प्लेट्स, तीन मिलिमीटर जाड, प्रत्येकीच्या मधोमध सहा मिलिमीटरचं भोक.

प्लेट्स घरी केल्या नव्हत्या, कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये केल्या. तरी यादीत घातल्या आहेत.

"पत्र लिहिताय की पंचनामा?" आईने आत्ता खांद्यावरून वाचून विचारलं. मी म्हटलं, तू तुझं विणकाम बघ.

वर्कशॉपमध्ये आता कॉम्प्युटरवर चालणारं नवं लेथ मशीन आलंय. ते चालवायला शिकलेला माणूस ठेवलाय, गळ्यात ओळखपत्र घालून फिरतो. मशीन बंद पडलं की मला बोलावतात. मी जातो, मागे वाकतो, प्लग दाबून बसवतो आणि गंभीर चेहरा करून बाहेर येतो. मुलं टाळ्या वाजवतात.

आईचे डोळे तपासले. नंबर वाढलाय. मी फ्रेम करून देतो म्हटलं तर म्हणाली, "नको, मला एकदा तरी विकतची घालू दे."

मागच्या खोलीत मशीन आहे तसंच आहे. दर पंधरा दिवसांनी तेल देतो. तुला सगळं माहीत आहे, तरी क्रमाने लिहितो, मला क्रमाशिवाय लिहिता येत नाही. तू तिसऱ्या वर्षाला होतीस. सगळ्या वर्गातून सहाजणांना ऑनर्ससाठी निवडलं, म्हणजे पदवीच्या जोडीला दोन वर्षं स्वतःचं संशोधन करायचं, अहवाल लिहायचा आणि शेवटी परीक्षकांसमोर उभं राहायचं. सहाजणांत मुलगी तू एकटी. मी वर्कशॉपमध्ये कोणाला काही बोललो नाही. फक्त त्या दिवशी सगळ्यांचे चहाचे कप मी धुतले, त्यावरून त्यांना कळलं.

तुझा विषय धातूचा थकवा. एकच जागा हजारो वेळा वाकली की धातू थकतो आणि एक दिवस तडकतो, आणि तडा सुरू होतो तो बहुतेक भोकाच्या काठावरून. तुझा प्रश्न एवढाच होता: काठाची धार ड्रिलमधून निघाली तशी तीक्ष्ण ठेवली तर प्लेट किती वेळा वाकून तुटते, आणि धार गोल केली तर किती वेळा. मी म्हटलं होतं, "यात संशोधन कसलं? तीक्ष्ण धार आधी तडकते हे कुठलाही मिस्त्री सांगेल."

"सांगेल हो. पण किती आधी, ते सांगेल का?"

तेव्हाच मशीन करायचं ठरवलं. विभागात जे होतं ते मोठं होतं आणि वर्षभर आधी नंबर लावावा लागायचा. आपण दोघांनी मागच्या खोलीत सात आठवडे काढले. मोटरने फिरणारं चाक, चाकाचं केंद्र मुद्दाम चार मिलिमीटर बाजूला, त्यामुळे प्लेटचं मोकळं टोक वर-खाली, मिनिटाला सहाशे वेळा. प्लेट तुटली की मोटर बंद आणि आकडा तिथेच थांबलेला. आई म्हणायची, "घरात पाहुणा आला तर त्याला वाटेल मी दिवसभर भांडी आपटते." तुझ्या चाचण्या संपल्या त्या दिवशी तीच म्हणाली, घर किती गप्प झालं.

कॉलेजमध्ये तू मला सगळ्यांसारखं "मिस्त्री" म्हणायचीस आणि मी तुला "मॅडम, ड्रॉइंग नीट काढून आणा" म्हणायचो. घरी यायला निघालो की फाटकाबाहेर पाऊल टाकताच तू म्हणायचीस, "हं, आता बाबा." मला ते फार आवडायचं. तेव्हा बोललो नाही.

बाकी ठीक. जपून राहा. वेळेवर जेव.

बाबा

मंगळवार, १० मार्च

वरचं पत्र रविवारीच पाकिटात घातलं, पत्ता लिहिला आणि परत काढलं. वरच्या पत्रात एकही माप चुकीचं नाही. पण ते पत्र खोटं आहे.

त्याआधीच्या रविवारी, एक तारखेला, तुझा आणि आईचा फोन झाला. नेहमी ती स्वयंपाकघरात बोलते, त्या दिवशी माझ्यासमोर बसून बोलली. तुझा आवाज मला ऐकू येत नव्हता, तिचा येत होता. "अगं, पण लावलं होतंस ना कुलूप?" "मग परत का गेलीस?" "रोज?" फोन ठेवल्यावर तिने मला सांगितलं. तू घराला कुलूप लावून निघतेस, अर्ध्या रस्त्यातून परत येतेस, ओढून बघतेस. गोदामाच्या ऑफिसात तू जे आकडे लिहितेस ते तीनदा तपासतेस आणि तरी शेजारच्या बाईला बघायला लावतेस. साहेबांनी मोजणी विभागात बढती देऊ केली तर तू नको म्हणालीस. आईला म्हणालीस, "मला मोजमापाचं काम नको गं, मी घोळ घालणारी आहे."

आई मला म्हणाली, "एक स्क्रू पडला तर घरभर रांगत शोधता. पोरगी गेली तर जागचे हलला नाहीत."

तिला तेव्हा काही माहीत नव्हतं. हे तिने सहज म्हटलं.

तू घोळ घालणारी नाहीस. घोळ मी घातला. आता क्रमाने.

प्लेट्सचं ड्रॉइंग तू काढलंस. वीस प्लेट्स गोल धारेच्या, निळ्या झाकणाच्या डब्यात. वीस तीक्ष्ण धारेच्या, लाल झाकणाच्या डब्यात. लालच्या ड्रॉइंगवर खाली तुझ्या अक्षरात एक ओळ होती: "भोकाच्या धारा मोडू नयेत." खाली दोन रेघा. धार मोडणं म्हणजे काय ते तुला सांगायला नको. भोक पाडलं की काठाला जी बोचरी किनार राहते ती जरा घासून टाकणं, हाताला लागू नये म्हणून. आमच्या धंद्यात ते काम म्हणून धरतच नाहीत. जेवल्यावर हात धुतो तसं.

निळ्या आधी झाल्या. मग लाल सुरू केल्या. पहिल्या तीन करताना तू बाजूला उभी होतीस. भिंग घेऊन प्रत्येकीचा काठ बघितलास, "एकदम बरोबर मिस्त्री," म्हणालीस आणि डब्यात टाकल्यास. मग तासाची घंटा झाली आणि तू गेलीस.

चौथी प्लेट ड्रिलवरून उचलताना माझा अंगठा कापला. फार नाही. कापड गुंडाळलं. पण ते रक्त बघून तू सहा वर्षांची असतानाचं आठवलं. सुट्टीत तुला वर्कशॉपमध्ये आणलं होतं, मी वळलो तेवढ्यात तू कोणाच्या तरी टाकून दिलेल्या पत्र्यावरून बोट फिरवलंस. तीन टाके. तू रडली नाहीस, म्हणालीस, "बाबा, मला माहीत नव्हतं लोखंड चावतं." त्या दिवसापासून माझ्या हातून एकही तुकडा धार न मोडता बाहेर गेला नव्हता. आता या प्लेट्स तू उघड्या हातांनी मशीनमध्ये लावणार, काढणार, तुटलेले तुकडे उचलणार.

मी मोठं ड्रिल हातात धरलं आणि भोकाच्या तोंडावर दोन वळसे दिले. वरून दोन, खालून दोन. डोळ्याला दिसणार नाही, बोटालाच कळेल एवढे. सतरा प्लेट्सना.

ड्रॉइंग समोर टाचलेलं होतं. मी वाचलं नाही असं लिहिलं तर ते आणखी एक खोटं होईल. वाचलं. मला वाटलं, माझा खांदा दुखतो म्हणून तू काम वाचवायला ती ओळ लिहिली आहेस. हे अर्धं झालं. उरलेलं अर्धं असं, की मला वाटलं, पोरांना काय कळतं. ड्रॉइंग पुस्तकातून येतं आणि जॉब हातातून येतो. चौथीनंतर शाळा सोडलेल्या माणसाने जे काही मिळवलं ते हात वापरून मिळवलं, त्या हाताला कागद सांगणार का थांब म्हणून? असा विचार शब्दांत केला नव्हता. पण होता.

तू लाल डबा नेलास. बाकीच्या सतरा भिंगाखाली घातल्या नाहीस. घालायची गरज नव्हती ना, बाबांनी केल्या होत्या.

पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तीन महिने मशीन चाललं. निळ्या प्लेट्स एक लाख दहा हजार ते एक लाख तीस हजार वेळा वाकून तुटल्या. लालही तेवढ्यातच तुटल्या. फक्त लालमधल्या तीन त्रेचाळीस, पंचेचाळीस आणि एकेचाळीस हजाराला गेल्या. तू जेवताना सुद्धा त्या तीन आकड्यांबद्दल बोलायचीस. "बाबा, या तीनच का?" मी म्हणायचो, "धातूत खोट असेल." खरंच तसं वाटत होतं मला. त्या दोन वळशांची आठवणही नव्हती. हात धुतल्याची कोणाला आठवण राहते?

तुझ्या संशोधनाच्या मार्गदर्शक मॅडमनी सुचवलं होतं, ते तीन आकडे बाजूला ठेव, आलेख स्वच्छ दिसेल. तू नाही म्हणालीस. "आलेत ते आले, मॅडम. मी कसे काढू?" तू ते ठेवलेस, ते बरोबर केलंस. त्या अहवालात खरे आकडे म्हणावेत असे तेच होते.

आता दोन वर्षांपूर्वीचा २२ मे, तू परीक्षकांसमोर उभी राहिलीस तो दिवस. मी मशीन घेऊन आलो होतो दाखवायला, म्हणून शेवटच्या रांगेत मशीनजवळ बसलो होतो. बाहेरून आलेले परीक्षक, सर्दी झालेले, सारखा चष्मा पुसणारे. त्यांनी तुझा आलेख बराच वेळ बघितला.

"तुमच्या मते तीक्ष्ण धारेने काही फरक पडत नाही?"

"माझ्या आकड्यांत पडलेला नाही, सर."

"मग हे तीन?"

"त्याचं कारण मला सापडलं नाही."

"डब्यांची अदलाबदल? किंवा प्लेट्सच सांगितल्याप्रमाणे झाल्या नसतील?"

तू म्हणालीस, "नाही सर, ते शक्य नाही. प्लेट्स मिस्त्रींनी केल्यात. ड्रॉइंगवर जे असतं तेच ते करतात."

आणि वळून माझ्याकडे बघून जरा हसलीस.

त्या क्षणी मला कळलं. तीन. तू बाजूला उभी होतीस त्या तीन. अंगठा, रक्त, दोन वळसे, सगळं एकदम आठवलं. तोंड उघडायला चार पावलंसुद्धा चालायची नव्हती, बसल्या जागेवरून म्हणता आलं असतं, "साहेब, माझी चूक आहे." तो हॉल भरलेला होता. चार प्राध्यापक होते जे अडलं की माझ्याकडे येतात. मी खाली वाकलो आणि मशीनच्या पट्ट्याचा नट आवळला. तो आवळलेलाच होता.

फलकावर पाच नावं लागली. सहावी तू, साधी पदवी.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी तुटलेले तुकडे मागितले, पुन्हा भिंगाखाली बघू म्हणून. मी म्हटलं, "ते भंगारात गेले." ते माझ्या कप्प्यात होते, कानशींच्या खाली.

आणि त्या संध्याकाळी तू जेवायच्या टेबलाशी विचारलंस, "बाबा, तुम्हाला काय वाटतं, काय झालं असेल?" रागाने नाही विचारलंस. कारागिराला विचारावं तसं विचारलंस. मी म्हणालो, "डबे तूच बदलले असशील. लहानपणापासून तुझं एक झाकण जागेवर नसतं."

तू ताट उचललंस, धुतलंस, पुसून जागेवर ठेवलंस आणि म्हणालीस, "असेल."

महिनाभराने नोकरी धरून गेलीस. जायच्या आधीच्या शेवटच्या आठवड्यात ताटं मात्र सगळी तूच जागेवर ठेवत होतीस, एकेक झाकण दाबून बघत होतीस. मी ते बघत होतो.

यावर मला आणखी काही लिहिता येत नाही.

गुरुवार, १२ मार्च

काल लिहिलं नाही. आज उरलेलं लिहून पाठवतो.

तुझ्या त्या फोननंतर दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, मी मॅडमकडे गेलो. उभ्यानेच सांगितलं. कप्प्यातले तुकडे टेबलावर ठेवले. त्यांनी एक उचलला, काठावरून अंगठा फिरवला, दुसरा उचलला, फिरवला. मग म्हणाल्या, "मिस्त्री, ती पोरगी इथे या खुर्चीत बसून माझी माफी मागून गेली."

मला हे माहीत नव्हतं.

त्यांनी लेखी मागितलं. मी लेखी दिलं, तीन पानं, मापांसकट. ते प्राचार्यांकडे गेलं. पुढची नियुक्ती होणार नाही असं त्यांनी बोलावून सांगितलं. या महिनाअखेर माझं वर्कशॉप संपतं. सव्वीस वर्षं झाली असती जूनमध्ये. त्यांचं काही चुकलं नाही. माप खोटं दाखवणारी पट्टी आपणही वापरत नाही. तू याचं काही मनावर घेऊ नकोस, हे तुला कळावं म्हणून लिहिलंय, दुसऱ्या कशासाठी नाही.

आईला त्याच दिवशी सांगितलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मला सांगू नका, तिला सांगा." म्हणून हे पत्र. फोनवर सांगितलं असतं तर तू मला मधेच "जाऊ दे बाबा" म्हणाली असतीस, आणि मी जाऊ दिलं असतं.

नियम असा आहे. अहवालात दोष निघाला तर दोन वर्षांच्या आत चाचण्या पुन्हा करून तो परत सादर करता येतो. ते मला मॅडमनी दाखवलं, छापील आहे. मुदत या २२ मेपर्यंत. माझ्या जबाबामुळे दोष कुणाचा होता हे कागदावर आलंय, त्यामुळे अर्ज करायला अडचण नाही. फॉर्मवर मॅडमनी सही करून ठेवली आहे. तुझी हवी. मी हिशेब केला: दिवसाला तीन प्लेट्स धरल्या तर चौदा दिवस, चुकामाकीला आठ दिवस, लिहायला तीन आठवडे. वेळ पुरतो. फार उरत नाही, पण पुरतो.

प्लेट्स तयार आहेत. वर्कशॉप सुटायच्या आत केल्या, नव्या पत्र्याच्या, चाळीस. निळ्या वीस, लाल वीस. लाल करताना मी जाड हातमोजे घातले, म्हणजे अंगठ्याला काही कळायला नको. मॅडम स्वतः समोर खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि एकेक प्लेट भिंगाखाली बघत होत्या. मीच तशी विनंती केली होती. आयुष्यात पहिल्यांदा धारा तशाच ठेवून जॉब डब्यात टाकले. दोन दिवस हात शिवशिवत होते. डबे मॅडमनी सील करून सही केली आहे.

चाचण्या मी चालवणार नाही. मला हात लावायची सवय आहे. त्या तू चालवायच्या, नाहीतर कोणी नाही. तुला यायचं नसेल, तर डबे बंदच राहतील, त्याला मी काही म्हणणार नाही. मला माफ कर असंही लिहीत नाही. ते तीन पानांत कुठे बसवायचं ते मला कळलं नाही आणि इथेही कळत नाही.

पत्रासोबत पार्सल आहे. सतरापैकी पाच प्लेट्सचे तुकडे मॅडमनी पुराव्याला ठेवले, बारांचे तुला पाठवतोय, प्रत्येकीचे दोन्ही अर्धे तारेने बांधून. त्यात एक वेगळी आहे, लाल दोरा बांधलेली. ती पहिल्या तिघींपैकी, पंचेचाळीस हजारवाली. आधी तिच्या भोकाच्या काठावरून बोट फिरव, हळूच. मग बाकीच्यांवरून फिरव. डोळे मिटून केलंस तरी कळेल. एवढं कळलं की त्या दिवशी कुलूप एकदाच ओढून बघ आणि सरळ ऑफिसला जा. हे माझं सांगणं नाही, विनंती आहे.

मशीनला तेल दिलंय, पट्टा नवा घातलाय, आकडा शून्यावर आणून ठेवलाय. तुझी खोली आईने झाडून ठेवली. टेबलाचे पाय तुझ्या उंचीला आहेत, हलवलेले नाहीत.

आलीस तर एक लक्षात ठेव. लाल डबा उघडशील तेव्हा हातमोजे घाल. धारा आहेत.

तुझा
बाबा

(इथे "मिस्त्री" लिहिणार होतो. ते तू ठरव.)

ता. क. आई म्हणते हेही लिहा, नाहीतर ती तुला फोनवर सांगेल आणि तिखटमीठ लावून सांगेल. काल चाचण्या करणाऱ्या एका कंपनीचा माणूस घरी येऊन गेला. आपल्या मशीनची माहिती त्याला विभागातून कळली होती. तासभर बघत होता, पट्टा हाताने फिरवून बघितला, चाकाचं केंद्र किती बाजूला आहे ते मोजलं, चार भरलं. त्याला मशीन याच आठवड्यात हवं होतं, ड्रॉइंगसकट, आणि तीन वर्षं मी दुसरं तसं करायचं नाही असं लिहून. सहा लाख वीस हजार देत होता. मी नाही म्हणालो.